यादी केली कोणी?

दोस्तहो, गोष्ट आमच्या वस्तीतल्या बुद्धविहाराची आहे. चौदा एप्रिलच्या आधी सात रात्री सात सिनेमे दाखवायचे, असं मंडळाच्या पोरांनी ठरवलं. पडदा म्हणून पांढरी चादर, प्रोजेक्टर भाड्याचा. सिनेमे निवडायचं काम माझ्याकडं आलं. का, तर मी सिनेमातला जाणकार. मी एका बैठकीत यादी लिहून दिली. कुरोसावा, बर्गमन, रनवार, द सिका, त्रुफो, ओझू आणि आपल्याकडचे म्हणून सत्यजित राय. आयटीआयला जाणाऱ्या एका पोरानं ती वाचली आणि विचारलं, "दादा, ही यादी केली कोणी?"

मी म्हणालो, "मी केली."

"तुम्ही लिहिली. केली कोणी?"

मला राग आला. पण त्या रात्री झोप काही लागली नाही, कारण पोरगं खरं बोललं होतं. सातच्या सात सिनेमे एकाच कंपनीच्या फळीवरचे होते. क्रायटेरियन कलेक्शन तिचं नाव. अमेरिकेतली, घरी बघायच्या डिस्क काढणारी कंपनी. कॉलेजात असताना मी शहरातल्या एका फिल्म सोसायटीत जायचो. तिथं कुणी "हा क्रायटेरियनवर आहे" असं म्हटलं की वाद मिटायचा. माझ्याकडं एक वही होती. डिस्कच्या पाठीवर छापलेला नंबर मी तिच्यात लिहायचो आणि पाहिलेल्यावर टिक करायचो. त्या वहीत आपलं कुणी आहे का, हे बघायचं मला कधी सुचलं नाही.

म्हणून हा लेख. त्या पोराला द्यायचं राहिलेलं उत्तर म्हणा.

०००

ही फळी तयार कशी झाली ते आधी बघू. १९५६ साली अमेरिकेत केंब्रिज गावात, हार्वर्ड विद्यापीठाच्या शेजारी, ब्रायंट हॅलिडे आणि सायरस हार्वी या दोघांनी जेनस फिल्म्स काढली. ब्रॅटल नावाचं थिएटर त्यांच्या हाती होतं. बर्गमन, फेलिनी, कुरोसावा, त्रुफो अशांचे सिनेमे त्यांनी अमेरिकेत वाटले. बघणारे कोण? विद्यापीठातले विद्यार्थी, प्राध्यापक, शहरातला शिकलेला गोरा मध्यमवर्ग. 'जागतिक सिनेमा' म्हणजे काय, याची पहिली आखणी इथं झाली. पुढच्या फळीचा मोठा माल याच कोठारातून आला.

१९८४ साली क्रायटेरियन सुरू झाली. तेव्हा लेझरडिस्क होती, जुन्या गाण्यांच्या तबकडीएवढी बारा इंची थाळी. पहिल्या दोन थाळ्या 'सिटिझन केन' आणि 'किंग काँग'. 'किंग काँग'वर त्यांनी एक नवी गोष्ट केली. रोनाल्ड हेव्हर या अभ्यासकाचा आवाज वेगळ्या ध्वनिपट्टीवर भरला. सिनेमा चालू आणि शेजारी बसून कुणी जाणता माणूस समजावून सांगतोय. दुसरं म्हणजे, रुंद पडद्याचा सिनेमा टीव्हीच्या चौकटीत बसवायला दोन्ही बाजूंनी छाटायचे, ते त्यांनी बंद केलं. वरखाली काळी पट्टी आली तरी चालेल, पण चित्र पुरं दाखवायचं.

हे काम चांगलंच होतं. मी कृतघ्न नाही. 'सेव्हन समुराय'मधल्या शेतकऱ्यांचे चेहरे मी स्वच्छ पाहिले ते या लोकांमुळं. पण चांगल्या कामातूनच सत्ता तयार होते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पोथ्या जपणारानंच पोथीत काय असावं हे ठरवलं, हा आपला जुना अनुभव आहे.

१९९८ साली डीव्हीडी आली आणि नंबर नव्यानं पडले. एक नंबर रनवारचा 'ग्रँड इल्युजन', दोन नंबर 'सेव्हन समुराय'. आता बघा, नंबर हा नुसता कारखान्याचा हिशेब. तीनशे नंबर तीस नंबरापेक्षा हलका, असं कंपनीनं कधी म्हटलं नाही. पण नंबर आला की माणसाला संच पुरा करावासा वाटतो. संच पुरा करणाऱ्याला वाटतं, सिनेमाचा इतिहास पुरा झाला. फळीवर नाही ते जगात नाही. मलाही तसंच वाटायचं.

नंबरासोबत सरंजाम येतो. निगेटिव्ह शोधून धुऊन-पुसून नवी केलेली प्रत, अभ्यासकाचा आवाज, दिग्दर्शकाची मुलाखत, आत लेखाची पुस्तिका. विद्यापीठाचं ग्रंथालय अशी डिस्क घेतं. मास्तर जे मिळतं ते शिकवतो. शिकलेला पोरगा पुढं समीक्षक होतो. समीक्षकाला विचारतात, जगातले श्रेष्ठ दहा सिनेमे कोणते? तो पाहिलेल्यातलेच सांगणार. मग कंपनी बघते की श्रेष्ठ कशाला म्हणतात, आणि तेच छापते. गिरणीच्या पट्ट्यासारखं हे गोल फिरत राहतं. पट्ट्यावर चढायला जागा मात्र कुठं दिसत नाही.

एक दाखला देतो. बेल्जियमच्या शांताल अ‍ॅकरमननं १९७५ साली 'जान दिएलमन' काढला. एका बाईचं घरकाम, साडेतीन तासांच्या आसपास. बरीच वर्षं तो बघायला मिळणंच कठीण होतं. २००९ साली क्रायटेरियननं त्याची डिस्क काढली. ब्रिटनचं 'साइट अँड साउंड' मासिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी समीक्षकांचा कौल घेतं. २०१२ च्या कौलात हा सिनेमा पहिल्या पन्नासात आला आणि २०२२ च्या कौलात, सोळाशेहून जास्त मतांत, पहिल्या नंबरावर. एका डिस्कनं हे घडवलं असं मी म्हणत नाही. स्त्रियांच्या चळवळीनं कौल देणारेच बदलले. पण जो सिनेमा बघायलाच मिळत नाही त्याला मत कोण देणार? मतदारयादीत नाव नसलेल्या माणसासारखी त्याची गत.

०००

आता दोन डब्यांची गोष्ट.

पहिला डबा 'ग्रँड इल्युजन'च्या निगेटिव्हचा. सिनेमा १९३७ चा. नाझींनी पॅरिस घेतल्यावर हा डबा उचलला आणि बर्लिनच्या सरकारी संग्रहात नेला. १९४५ मध्ये रशियन फौजांनी बर्लिन घेतलं आणि डबा मॉस्कोला गेला. साठीच्या दशकात अदलाबदलीत तो फ्रान्समध्ये तुलूजच्या संग्रहात परत आला. तिथं बरीच वर्षं पडून राहिला आणि नव्वदीच्या दशकात लोकांना कळलं की ही मूळ निगेटिव्ह आहे. क्रायटेरियनची एक नंबरची डिस्क तेवढ्यासाठी थांबवली गेली आणि १९९९ साली निघाली. बघा, नाझींनी त्या सिनेमाला शत्रू मानलं, तरी डबा जपला. तीन राज्यसत्तांनी मिळून एक सिनेमा वाचवला.

दुसरा डबा ऑस्कर मिशोचा. काळा माणूस. बापानं गुलामगिरी भोगलेली. मिशोनं रेल्वेत हमालाची नोकरी केली, साउथ डकोटात जमीन कसली, कादंबऱ्या लिहून दारोदार विकल्या. शेतकऱ्यांना शेअर विकून भांडवल उभं केलं आणि १९१९ पासून स्वतः सिनेमे काढले. तीस वर्षांत चाळीसच्या आसपास. त्याआधी १९१५ साली ग्रिफिथचा 'बर्थ ऑफ अ नेशन' आला होता, कू क्लक्स क्लॅनला हिरो करणारा. मिशोनं १९२० साली 'विदिन अवर गेट्स' काढला आणि काळ्या माणसांना झुंडीनं फासावर कसं लटकवतात ते पडद्यावर दाखवलं. शिकागोच्या सेन्सॉरनं त्याला अडवलं.

मिशोचा डबा कुणी उचलला? कुणीच नाही. 'बर्थ ऑफ अ नेशन' सिनेमाच्या अभ्यासात पहिला धडा म्हणून शिकवला गेला. 'विदिन अवर गेट्स' पन्नास वर्षं हरवलेला होता. सत्तरीच्या दशकात त्याची एकच प्रत सापडली, तीही स्पेनमध्ये, 'ला नेग्रा' या नावानं. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं १९९३ साली ती नीट केली. मधल्या पाट्या स्पॅनिशमध्ये होत्या. म्हणजे मिशोचे स्वतःचे शब्द परक्या भाषेतून परत इंग्रजीत आणावे लागले. त्याच्या मूकपटांपैकी आज तीन उरलेत.

म्हणजे यादी होण्याच्या आधीच यादी झालेली असते. डबा कोण जपतं, तिथंच ती होते.

०००

आणि डबा वाचला तरी दार उघडतं असं नाही. चार्ल्स बर्नेटनं सत्तरीच्या दशकात लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात 'किलर ऑफ शीप' काढला. खाटीकखान्यात राबणाऱ्या काळ्या माणसाचं घर. विद्यापीठाच्या पदवीसाठी केलेलं काम. १९९० साली लायब्ररी ऑफ काँग्रेसनं तो राष्ट्रीय ठेवा म्हणून नोंदवला. पण त्यातल्या गाण्यांच्या हक्कांचे पैसे कोण भरणार? ते भरून माइलस्टोन या छोट्या कंपनीनं तो थिएटरात आणला २००७ साली. मेरिट मान्य होतं, तरी सतरा वर्षं दाराबाहेर. मेरिट हा शब्द आपण रोज ऐकतो, म्हणून मुद्दाम सांगितलं.

मे २०२० मध्ये मिनियापोलिसला पोलिसानं जॉर्ज फ्लॉइडचा जीव घेतला. अमेरिका पेटली. त्या ऑगस्टमध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'नं क्रायटेरियनची फळी मोजली. हजाराहून जास्त सिनेमे आणि आफ्रिकन-अमेरिकन दिग्दर्शक किती? चार. कंपनीचे अध्यक्ष पीटर बेकर यांनी चूक कबूल केली, आपल्या नजरेला काही दिसलंच नाही असं मान्य केलं. ज्युली डॅशचा 'डॉटर्स ऑफ द डस्ट' १९९१ चा. अमेरिकेत थिएटरांतून सर्वत्र लागलेला काळ्या बाईचा तो पहिला कथापट. तो पाहिला तेव्हा मला कळलाच नव्हता, असंही ते बोलले.

हे वाचून मी थांबलो. शिवी देणारा माणूस ओळखायला सोपा. इथं तर शिवी देणारं कुणीच नव्हतं. भले, वाचणारे, सिनेमावर जीव टाकणारे लोक. खोलीत सगळे एकाच घरचे, एकाच शाळेचे. जे त्यांना कळलं ते थोर, जे कळलं नाही ते राहून गेलं. आपल्याकडच्या साहित्य संमेलनांचं, अभ्यासमंडळांचं याहून वेगळं काय होतं? "आम्ही जात बघत नाही, दर्जा बघतो." दर्जा ओळखणारे डोळे कुठल्या आळीत वाढले, हे मात्र विचारायचं नाही.

ओरड झाल्यावर फळी हलली, हेही लिहायला पाहिजे. २०२१ मध्ये मेल्व्हिन व्हॅन पीबल्स आणि मार्लन रिग्ज यांचे संच आले, २०२२ मध्ये स्पाइक लीचा 'माल्कम एक्स', २०२३ मध्ये शेरिल डन्येचा 'वॉटरमेलन वुमन', २०२५ मध्ये 'किलर ऑफ शीप'. हे सिनेमे २०२० नंतर एकाएकी चांगले झाले नाहीत. मोजणारे आले, म्हणून दिसले.

०००

मग या फळीवर आपला देश कुठला? मुख्यतः सत्यजित राय. अपूच्या तीन सिनेमांच्या निगेटिव्ह १९९३ साली लंडनच्या प्रयोगशाळेतल्या आगीत जळाल्या. त्या जळक्या रिळांवर मेहनत घेऊन २०१५ साली नवी प्रत निघाली. काम सोन्यासारखं. दुर्गा मरते तिथं मी आजही रडतो. पण अपू पुरोहिताचा पोरगा आहे आणि 'जलसाघर' बुडत्या जमीनदाराचं आहे. न्यूयॉर्कचा सिनेमावेडा भारत ओळखतो तो या ओसरीवरून. गावकुसाबाहेरच्या जब्यानं 'फँड्री'त (२०१३) भिरकावलेला दगड त्या फळीपर्यंत पोचला नाही. पायल कपाडियाच्या 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट'ची डिस्क २०२५ मध्ये निघाली. तिच्यात गिरणी कामगाराची विधवा, कागद नाहीत म्हणून घर गमावणारी पार्वती आहे. दार थोडं किलकिलं झालं म्हणू.

पण आपण दारातच उभं राहायचं का? १९४६ साली बाबासाहेबांनी डू बॉईस यांना पत्र लिहिलं, काळ्यांनी युनोपुढं ठेवलेल्या निवेदनाची प्रत मागितली. १९७२ साली आपल्या पँथरनं नाव घेतलं ते त्यांच्याकडूनच. तेव्हा हाही धडा त्यांच्याकडून घेऊ. मिशो आपली रिळं स्वतः गावोगाव घेऊन फिरला. २०१६ साली काळ्यांच्या जुन्या सिनेमांचा पाच डिस्कचा संच किनो लॉर्बर या कंपनीनं लोकवर्गणी काढून छापला. आपल्याकडं 'जय भीम कॉम्रेड' (२०११) वस्त्यांत पडदा लावून दाखवला गेला. सहा डिसेंबरला शिवाजी पार्कवरच्या स्टॉलवर भीमगीतांच्या कॅसेट, मग सीडी मिळायच्या, तीही आपली फळीच. तिला नंबर नव्हता, एवढंच.

शेवटी माझा गुन्हा सांगतो. १४ जानेवारी १९९४, नामांतर झालं. आमच्या वस्तीत मिरवणूक निघाली. लग्नाची शूटिंग करणाऱ्या एकानं ती व्हिडिओ कॅसेटवर घेतली. माझी आई त्यात नाचलेली. ज्यांनी लाठ्या खाल्ल्या ती म्हातारी माणसं त्यात बोललेली. कॅसेट आमच्याच माळ्यावर पत्र्याच्या पेटीत होती. ती डिस्कवर उतरवून घ्यायला थोडेच पैसे लागले असते. त्याच वर्षी मी परदेशी डिस्कचा एक संच कर्ज काढून मागवला. पोरानं तो प्रश्न विचारल्यावर पेटी उघडली. फितीवर पांढरी बुरशी. दुकानदारानं बघून मान हलवली. आई आता नाही. बोललेल्यांतलं कुणी नाही.

आमचा डबा कुणी उचलला नाही, असं मी कुणाच्या तोंडावर म्हणू? डबा माझ्या माळ्यावर होता.

पोरांनो, सात रात्रींची यादी तुम्ही नव्यानं करा. कुरोसावा ठेवा, मिशो आणा, बर्नेट आणा, 'फँड्री' लावा. आणि आधी घराघरात जाऊन माळे, पेट्या उघडा. कॅसेट निघाली की प्रत काढा, वर तारीख आणि माणसांची नावं लिहा. पहिला नंबर तिला द्या.

जय भीम.