बिटकॉइन मायनिंग मशीन ओझरमधल्या घरी परवडेल का?

मायनिंग मशीन घेताना बहुतेक जण आधी त्याची किंमत विचारतात. आधी पाहायला हवे ते वीजबिल.

मायनिंग म्हणजे बिटकॉइनच्या नोंदवहीत व्यवहारांचा नवा गट, म्हणजेच ब्लॉक, जोडण्याची शर्यत. जगभरातील मशीन त्यासाठी अखंड आकडेमोड करतात आणि सरासरी दर १० मिनिटांनी एका विजेत्याला बक्षीस मिळते. एप्रिल २०२४ मध्ये ते ६.२५ वरून ३.१२५ बिटकॉइनवर आले. मशीन तेच, वीज तेवढीच, बक्षीस निम्मे.

ओझरमधल्या एखाद्या घरात अँटमायनर एस२१ लावले, असे समजू. वेग २०० टेराहॅश, वीज सुमारे ३.५ किलोवॅट. अहोरात्र चालले तर रोज ८४ आणि महिन्याला २,५२० युनिट. महावितरणच्या घरगुती दरांत ५०० युनिटांपुढचा टप्पा सर्वांत महाग असतो. तरी मुद्दाम कमी, म्हणजे १० रुपये दर धरू. बिल २५,२०० रुपये.

आता कमाई. सगळ्या नेटवर्कचा वेग १,००० एक्साहॅश धरला (२०२५ मध्ये तो या घरात पोहोचला), तर या मशीनचा वाटा ५० लाखांत एक. एकट्याने एक ब्लॉक मिळायला सरासरी ९५ वर्षे लागतील! म्हणूनच लोक ‘पूल’मध्ये सामील होऊन बक्षीस वाटून घेतात. त्यातून महिन्याला सुमारे ०.००२७ बिटकॉइन मिळेल; ८० लाख रुपये भावाने २१,६०० रुपये. मशीनची किंमत दूरच, वीजबिलही निघत नाही.

‘पुढे भाव वाढेल’ हे उत्तरही इथे टिकत नाही. त्याच २५,२०० रुपयांत त्याच भावाने थेट ०.००३१५ बिटकॉइन विकत मिळते, तेही मशीनचा कर्कश आवाज आणि एप्रिल-मेमध्ये खोलीत कोंडणारी उष्णता न सोसता. जोखीम अर्थात त्यातही आहेच. विक्रीच्या नफ्यावर ३० टक्के कर दोन्हीकडे लागतो. मायनिंगच्या यंत्रसामग्रीचा खर्च मात्र खरेदीची किंमत म्हणून वजा करता येत नाही, असे केंद्र सरकारने मार्च २०२२ मध्ये संसदेत सांगितले.

मशीन नको म्हणून ‘क्लाउड मायनिंग’चा करार करणाऱ्यांनी गेनबिटकॉइन प्रकरण जरूर वाचावे. १८ महिने दरमहा १० टक्के परताव्याचे आमिष दाखवल्याचा आरोप असलेल्या या योजनेचा प्रवर्तक अमित भारद्वाज याला पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये अटक केली होती.