विवाह : संस्कार आणि संमती

विवाह हा संस्कार की करार, हा प्रश्न आपल्याकडे वारंवार निघतो. आणि संस्कार तेवढा आपला, करार पाश्चात्त्यांचा, असे बहुतेक जण गृहीत धरून चालतात. ही वाटणी इतकी सोपी नाही, हे रखमाबाईंच्या खटल्यावरून जितके स्पष्ट होते तितके दुसऱ्या कशावरून क्वचितच होईल.

रखमाबाईंचा विवाह वयाच्या ११ व्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी झाला. त्या आई व सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी वाढल्या, आणि जाणत्या झाल्यावर त्यांनी नांदावयास जाण्याचे नाकारले. १८८४ मध्ये दादाजींनी मुंबईच्या हायकोर्टात दावा लाविला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला. परंतु अपिलात निकाल फिरला, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी नांदावयास जाण्याचा हुकूम दिला. न गेल्यास सहा महिने कैद! आपण कैद पत्करू, हे रखमाबाईंचे उत्तर होते.

सनातनी पक्षाची भीती अगदीच पोकळ होती असे आम्ही म्हणत नाही. बहुतेक विवाह बालपणीच होत असताना वधूच्या मागाहूनच्या नकारास मान दिला, तर घरोघरच्या संसारांचा पाया हालेल, असे त्यास वाटत होते. परंतु ज्या दाव्यासाठी धर्माची साक्ष काढली जात होती, तो दावा मुळी धर्मशास्त्राचा नव्हताच. ही रीत इंग्लंडातील ख्रिस्ती धर्मन्यायालयांची. ती इंग्रजी अमदानीत येथे आली. पिन्हेसाहेबांनी निकालात तसे स्पष्ट म्हटलेही होते. नवल असे की, १८८४ सालीच खुद्द इंग्लंडात असल्या हुकुमाच्या अवज्ञेबद्दलची कैद रद्द झाली होती. म्हणजे परकीयांनी टाकून दिलेले शस्त्र आम्ही स्वधर्म म्हणून उराशी धरिले!

उलट, आमच्या विवाहविधीत सप्तपदीचे सातवे पाऊल सख्यासाठी असते. सख्य हे बेलिफाच्या हुकुमाने उत्पन्न होत नाही. तेव्हा संमतीचा आग्रह धरणे म्हणजे संस्कार मोडणे नव्हे. त्याचा खरा अर्थ ओळखणे होय.

१८८८ मध्ये तडजोड होऊन दादाजींनी २,००० रुपये घेतले व प्रकरण मिटले. रखमाबाईंनी लंडनास वैद्यक शिकून पुढे सुरत व राजकोट येथे दीर्घकाळ स्त्रियांची सेवा केली. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला. नांदण्याच्या हुकुमामागची कैद येथे १९२३ मध्ये गेली. परंतु तो दावा गेला नाही. रखमाबाई १९५५ मध्ये वारल्या, आणि त्याच वर्षीच्या हिंदू विवाह कायद्याच्या ९ व्या कलमात त्यास पुनः स्थान मिळाले. इंग्लंडने तो १९७० मध्ये काढून टाकला. आमच्याकडे तो अद्याप आहे.

विवाहावर कुटुंब उभे राहते आणि कुटुंबावर समाज, हे आम्हांस मान्य आहे. म्हणूनच त्याच्या पायात काय घालावयाचे, संमती की सक्ती, याचा निर्णय कोर्टावर सोपवून समाजास मोकळे होता येणार नाही.