बायोएथिक्स म्हणजे नेमकं काय, आणि त्यात करिअर होतं का?

ठाकुर्लीहून लोकल पकडली की साधारण तासाभरात परळ येतं. तिथल्या केईएम हॉस्पिटलात नर्स असलेल्या अरुणा शानबाग यांच्यावर 27 नोव्हेंबर 1973 ला हल्ला झाला. त्यानंतर जवळपास 42 वर्षं त्या तिथेच बेडवर होत्या.

त्यांना शांतपणे जाऊ द्यावं म्हणून पिंकी विराणी सुप्रीम कोर्टात गेल्या. त्यांची सेवा करणाऱ्या केईएमच्या नर्स म्हणाल्या, नाही, अरुणा आमची आहे. 7 मार्च 2011 ला कोर्टाने ठरवलं की अरुणाच्या वतीने बोलण्याचा हक्क केईएमच्या स्टाफचा. विनंती फेटाळली, पण उपचार थांबवण्याची वाट ठरावीक अटींवर मोकळी झाली.

आता बघा, यात औषधाचा प्रश्न कुठेच नाही. जगणं कशाला म्हणायचं? पेशंट बोलू शकत नसेल तर त्याच्या वतीने कोण बोलणार? हे प्रश्न जिथे शिकवले आणि अभ्यासले जातात ते बायोएथिक्स, म्हणजे जैवनीतिशास्त्र. वैद्यकाचं तत्त्वज्ञान त्याचं सख्खं भावंड. आजार म्हणजे काय, हे ठरवतं कोण, असं ते विचारतं. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने 1973 मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. माणसं तीच होती, व्याख्या बदलली.

मुंबईत या विषयाची सुरुवात झाली ती चक्क एका निवडणुकीतून. डॉक्टरांवर लक्ष ठेवणाऱ्या महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या 1992 च्या निवडणुकीत नीतिमत्तेचा मुद्दा घेऊन काही डॉक्टर उभे राहिले आणि हरले. पण गप्प बसले नाहीत. 1993 मध्ये त्यांनी एक छोटं नियतकालिक काढलं, संपादक केईएमचे न्यूरोसर्जन डॉ. सुनील पंड्या. तेच आजचं 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स'. पुढे त्याची धुरा डॉ. अमर जेसानी यांनी वाहिली. पंड्यांनी सर्जरी सोडली नाही. आपल्याकडे बहुतेकांचं असंच आहे, पोटापाण्याचं काम एक आणि एथिक्स त्याच्या जोडीला.

मग शिरायचं कुठून? एमबीबीएस करूनच जायला हवं असं नाही. तत्त्वज्ञान, कायदा, समाजशास्त्र, नर्सिंग, कुठूनही येता येतं. मंगळुरूच्या येनेपोया विद्यापीठात बायोएथिक्सचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे. 2019 पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमातही नीतिमत्ता आणि संवाद हा भाग आलाय, त्यामुळे शिकवणारे लागतात.

दुसरी जागा एथिक्स कमिटीची. नव्या औषधाची चाचणी माणसांवर घ्यायची तर तिची मंजुरी लागते. 2019 च्या नियमांनुसार कमिटीत किमान 7 जण हवेत, त्यात एक सामान्य नागरिक आणि एक कायद्याचा जाणकार. अध्यक्ष संस्थेबाहेरचा. संमतीपत्र पेशंटला कळेल अशा मराठीत आहे का, हे इथेच तपासलं जातं.

पूर्णवेळ पदं मात्र अजून मोजकीच. तेव्हा हातात दुसरी पदवी ठेवूनच या वाटेला जा.