आगगाडीने वसविलेले अंबरनाथ

अंबरनाथचा इतिहास लिहावयास बसले की लेखणी आपोआप वालधुनीकाठच्या शिवमंदिराकडे वळते. शके 982 चा, म्हणजे इ.स. 1060 चा शिलालेख, शिलाहार राजा मुम्मुणीचे नाव आणि शिल्पांनी भरलेल्या भिंती असताना दुसरे काय होणार? परंतु हे मंदिर साडेनऊशे वर्षे उभे असले तरी त्याच्याभोवती शहर वसले नाही. शहराचा जन्म शोधावयाचा तर आपणांस मंदिराकडून रेल्वेस्थानकाकडे यावे लागते.

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्यास गाडी गेली. पुढील वर्षी रूळ कल्याणास पोहोचले. तेथे मार्गाला दोन फाटे फुटले. एक थळ घाटाकडे निघाला, तर दुसरा आग्नेयेस उल्हास नदीच्या खोऱ्यातून 1856 साली खोपोलीस भिडला. अंबरनाथ या दुसऱ्या फाट्यावर आहे. लोहमार्ग अंबरनाथसाठी मुळीच आला नव्हता. त्याला दख्खनचा कापूस हवा होता आणि वाटेत बोरघाट आडवा होता. तो घाट फोडण्याच्या कामावर एके काळी चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये येथे येताच आजाराने वारला. त्याच्या पत्नीने, ॲलिसने, तो ठेका नेटाने निभावला आणि 1863 साली घाट खुला झाला. त्या बाईचे नाव निदान आपणांस ठाऊक आहे. पटकीने जे हजारो मजूर दगावले, त्यांची नावे कोणत्याच दगडावर नाहीत.

यानंतर साठ वर्षे गाड्या अंबरनाथवरून धावल्या, पण गाव गावच राहिले. 1868 च्या सुमारास मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या मंडळींनी मंदिरातील शिल्पांचे साचे घेतले, एवढीच काय ती वर्दळ!

खरा पालट घडविला तो आगपेटीने. 1922 मध्ये सरकारने परदेशी काड्यापेट्यांवर जबर जकात बसविली. तेव्हा स्वीडिश कंपनीने माल धाडण्याऐवजी येथेच कारखाने काढण्याचे ठरविले. वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, अर्थात आपली ‘विम्को’, अंबरनाथला आली ती अशी. लाकूड आणावयास व पेट्या मुंबईस न्यावयास रूळ तयारच होते. पुढे महायुद्धात शेजारी लष्करी छावणी पडली. फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधी निर्वासित आले आणि 1949 मध्ये छावणीचे उल्हासनगर झाले. 1953 च्या सुमारास अंबरनाथला संरक्षण खात्याचे कारखाने उभे राहिले.

आपला समाज येथे आला तो याच गाड्यांतून. कोणी गोव्याचे, कोणी मंगळूरचे, कोणी वसईकडचे, तर कोणी केरळातले. पाळीचा भोंगा मात्र सर्वांचा एकच. फातिमामातेचा धर्मग्राम आणि शाळा या कामगारवस्तीतूनच वाढली. 1988 साली सिरो-मलबार विश्वासीयांसाठी कल्याणचा स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला, त्यामागेही या लोहमार्गाच्या कडेने स्थिरावलेली मल्याळी कुटुंबे होतीच. आपण मात्र धर्मग्रामाचा इतिहास चर्चच्या कोनशिलेपासून लिहू लागतो. आम्हांस हे अपुरे वाटते.

विम्कोची धुराडी केव्हाच थंडावली. नाक्याला तेवढे तिचे नाव उरले आहे. पहिल्या पाळीला उभे राहिलेल्यांपैकी आता कोणी नाही, आणि त्यांची मुलेही थकली आहेत. बाप्तिस्म्याच्या जुन्या वह्यांत वडिलांच्या नावापुढे ‘फिटर’, ‘पॅकर’, ‘गार्ड’ असे काही लिहिलेले आढळले, तर वाचकांनी ते आम्हांस अवश्य उतरवून पाठवावे.