क्लुएनचे ससे

फेब्रुवारी 1992. तुम्ही कॅनडाच्या वायव्य टोकाला, युकॉनमधल्या क्लुएन सरोवराजवळ स्प्रूसच्या जंगलात उभे आहात. थंडी अशी की पापण्यांवर हिमकण धरलेत. चार पावलांवर, विलोच्या झुडपाखाली, एक मादी ससा बसली आहे. ती तुम्हाला पटकन दिसत नाही, कारण कानांची काळी टोकं सोडली तर ती बर्फाइतकीच पांढरी आहे.

हलू नका. तिचं लक्ष तुमच्याकडे नाहीच. पलीकडे बर्फात लिंक्सच्या पावलांचे ताजे ठसे आहेत. तिचे कान तिकडे वळलेत, नाकपुड्या थरथरताहेत आणि समोरची विलोची कोवळी काडी तशीच पडून आहे.

या क्षणी तिच्या मेंदूतून निघालेला निरोप मूत्रपिंडांच्या डोक्यावरच्या ग्रंथींपर्यंत पोहोचलाय. आधी सुटतं अ‍ॅड्रेनलिन: काळीज धडधडतं, रक्त आतड्यांकडून पायांच्या स्नायूंकडे वळतं. मागोमाग कॉर्टिसोल येतं आणि रक्तातली साखर चढती ठेवतं. पचन, वाढ, रोगाशी झुंज, सगळं मागे पडतं. लिंक्स झेपावलीच, तर याच जोरावर ही मादी निसटेल. व्यवस्था उत्तम आहे, पण ती चार-दोन मिनिटांच्या धावपळीसाठी. यंदा धोका टळतच नाही. काही वर्षांपूर्वी हे जंगल सशांनी भरलं होतं. त्यांच्यावर लिंक्स, कायोटी आणि शिंगवाली मोठी घुबडं पोसली गेली. आता ससे ओसरलेत आणि खाणारी तोंडं तेवढीच आहेत. मरणारे बहुतेक सगळे ससे कुणाच्या तरी तोंडीच जातात.

पण मला तुम्हाला दाखवायचेत ते अजून जिवंत असलेले ससे.

संशोधक चार्ल्स क्रेब्स आणि त्यांचे सहकारी 1986 पासून इथे सशांवर एक प्रयोग चालवताहेत. त्यांच्यातले रुडी बूनस्ट्रा जाळीच्या पिंजऱ्यात लसूणघास ठेवून ससे धरतात आणि त्यांचं रक्त तपासतात. त्यात दिसतं ते असं: मोकळं फिरणारं कॉर्टिसोल जास्त, त्याला बांधून ठेवणारं प्रथिन कमी, पांढऱ्या पेशी कमी. अंगही उतरलेलं. यांना अजून कुणी दातही लावलेला नाही.

यात उपासमारीचा वाटा आहेच. याच जंगलात काही भागांत जास्तीचं खाद्य मिळाल्यावर ससे इतर भागांच्या तुलनेत तिप्पट राहिले, एका भागाला विजेचं कुंपण घालून लिंक्स-कायोटींना बाहेर ठेवल्यावर दुप्पट. दोन्ही एकत्र केल्यावर मात्र अकरापट! भूक आणि भीती एकमेकींना बळ देतात, असं मला या आकड्यांत दिसतं.

उन्हाळ्यापर्यंत थांबा. चांगल्या वर्षांत मादी एका उन्हाळ्यात चार वेतं देते. घसरणीच्या काळात दोनांवर येते. पिल्लं जन्मतःच डोळे उघडे असलेली, अंगभर लव असलेली. आई दिवसातून एकदाच, संध्याकाळी, पाजायला येते.

आता 1994 मध्ये या. लिंक्स आणि कायोटी उपासमारीने मेले किंवा पांगले. विलोच्या काड्यांना तोटा नाही. अशा वेळी ससे भराभर वाढायला हवेत, पण ते वाढत नाहीत.

या कोड्याकडे मायकेल शेरिफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे नव्याने पाहिलं. त्यासाठी आणखी काही वर्षं पुढे चला. कुंपणात गाभण माद्या आहेत. एक दिवसाआड एक शिकवलेला कुत्रा आत येतो, मिनिट-दोन मिनिटं फिरतो, कुणालाही न शिवता निघून जातो. एवढंच. या माद्यांच्या लेंड्यांत कॉर्टिसोलचे अंश वाढलेले सापडतात. जिवंत पिल्लं देणाऱ्या माद्या कमी भरतात, आणि जी पिल्लं होतात ती लहान आणि हलकी. हा अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षीच्या निबंधात त्यांनी आया आणि त्यांच्या पिल्लांची सांगड घातली: ज्या आईत कॉर्टिसोल जास्त, तिच्या पिल्लांतही ते जास्त. शिकारी पांगल्यावरही ससे दोन ते पाच वर्षं वर येत नाहीत, त्यामागे गर्भातच पोहोचलेली ही भीती असावी, असं या संशोधकांचं म्हणणं आहे.