टिळकांचा दरबार

रेव्हरंड टिळक म्हटले की आमच्या पिढीला आठवतात ती फुले, मुले आणि ‘केवढे हे क्रौर्य!’ मधली घायाळ पक्षीण. ते ख्रिस्ती झाले, हे कविपरिचयातले एक वाक्य. त्यावर तासाला थांबायला सवड नसे. आता सवडच सवड आहे. गेला महिनाभर ‘स्मृतिचित्रे’ आणि नवा करार शेजारी शेजारी ठेवून वाचतो आहे. त्यावरून सुचलेले थोडे लिहितो.

नारायण वामन टिळक 1861 साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी जन्मले. 1893 मध्ये राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. डोंगरावरचे प्रवचन वाचून ते भारावले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आता शुभवर्तमानात शिष्यत्वाविषयी काय आहे ते पाहा. लूकच्या चौदाव्या अध्यायात येशू म्हणतो की आईबाप, बायकोमुले यांच्यापेक्षाही मला वरचे स्थान देणार नसाल तर माझे शिष्य होता येणार नाही. लगेच दाखला देतो, की बुरूज बांधणारा माणूस आधी बसून खर्चाचा हिशेब करतो. टिळकांनी हिशेब केला असेलही, पण त्यातला मोठा वाटा भरावा लागला लक्ष्मीबाईंना! नवरा जिवंत, आणि तरी घर मोडलेले. लहानग्या दत्तूला घेऊन नातेवाइकांच्या आधाराने दिवस काढायचे. पुढे त्या नगरला आल्या तरी सोवळेओवळे सांभाळूनच होत्या. आधी त्यांच्या मनातला जातिभेद गळून पडला, श्रद्धा सावकाश आली आणि 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याच्या मागून फरफटत गेलेली ही बाई नव्हे. तिने आपला हिशेब स्वतः मांडला.

दुसरा प्रश्न तारणाचा. मार्कच्या दहाव्या अध्यायात एक श्रीमंत माणूस विचारतो, सार्वकालिक जीवन मिळवायला मी काय करू? आज्ञा तर त्याने लहानपणापासून पाळलेल्या. येशू सांगतो, सगळे विकून गोरगरिबांना दे आणि माझ्यामागे ये. तो खिन्न होऊन निघून जातो. मग शिष्य घाबरून विचारतात, असे असेल तर तारण होणार तरी कुणाचे? उत्तर असे की माणसाला हे अशक्य आहे, देवाला नाही. म्हणजे तारण ही कमाई नव्हे, कृपा आहे. आणि शिष्यत्व म्हणजे त्या कृपेला जगण्यातून दिलेले उत्तर. कृपेची ही भाषा वारकऱ्यांच्या घरी परकी वाटत नाही. टिळक स्वतः म्हणत की तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्तापाशी आलो.

पण मग बाप्तिस्म्याचे काय? त्या काळी बाप्तिस्मा घेतला की माणूस जातीतून, गावातून, बहुधा घरातूनही तुटायचा आणि पोटापाण्यासाठी मिशनवर अवलंबून राहायचा. टिळकांना हे सलत होते. 1912 पासून ते ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादक होते, अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांना मान होता. तरी 1917 साली, पंचावन्न उलटल्यावर, त्यांनी मिशनची नोकरी सोडली, पगार सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून तिथे एकत्र यावेत, ही त्यामागची कल्पना.

हे धाडस दोन्हीकडून अवघड होते. बाप्तिस्मा ही तर मंडळीच्या दाराची चौकट, ती ओलांडल्याशिवाय आत कसे घ्यायचे, हा जुन्या ख्रिस्ती माणसाचा प्रश्न खोटा नव्हता. आणि हे धर्मांतराचेच नवे रूप नाही ना, ही हिंदू शेजाऱ्याची शंकाही समजण्यासारखी. 9 मे 1919 रोजी टिळक गेले. दरबार त्यांच्यामागे फार टिकला नाही.

म्हणून तो फसला म्हणायचे का? मला तसे वाटत नाही. ज्या प्रश्नापायी आपले घर एकदा मोडले, तो प्रश्न टिळकांनी झाकून ठेवला नाही. गुरूच्या मागे जाण्यासाठी आपल्या माणसांपासून तुटलेच पाहिजे का, हे त्यांनी उतारवयात, हातची भाकरी सोडून विचारले. ‘ख्रिस्तायन’ही त्यांच्याकडून अपुरेच राहिले आणि लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले. जिचे घर या शिष्यत्वापायी मोडले होते, तिनेच त्यांची पोथी हाती घेतली. मंडळी, याहून मोठी साक्ष मला तरी ठाऊक नाही.