जुन्या गाडीचा सेन्सर बदलताय? थांबा, आधी ही रबरी नळी तपासा!

सिग्नलला गाडी थांबली की इंजिन थरथरतं, पेट्रोल जास्त लागतं, सकाळी चटकन स्टार्ट होत नाही. पंधरा-वीस वर्षं जुनी पेट्रोल कार असलेल्यांना हा त्रास चांगलाच ठाऊक असतो. गॅरेजमधून "सेन्सर गेलाय" असं सांगितलं जातं. नवा सेन्सर बसतो, पण दुखणं मात्र तसंच राहतं!

असं का होतं?

पिस्टन हवा खेचतो आणि थ्रॉटल ती अडवतो. त्यामुळे इनटेक मॅनिफोल्डमध्ये दाब कमी होतो, यालाच व्हॅक्यूम म्हणतात. तिथल्या एखाद्या रबरी नळीला चीर गेली की जादा हवा आत शिरते आणि हवा-पेट्रोलचं प्रमाण बिघडतं. मग चांगला सेन्सरही दोषी वाटू लागतो.

भारतात बिघाडाची नोंद ठेवणारी ओबीडी यंत्रणा एप्रिल २०१० पासून टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. त्याआधीच्या अनेक गाड्यांची तपासणी हातानेच करावी लागते.

तपासणी कशी करायची?

नळ्या: इंजिन चालू ठेवून 'स्स्स' असा आवाज येतो का ते ऐका. संशयित नळी पकडीने दाबल्यावर थरथर थांबली, तर गळती तिच्यातच किंवा तिच्या पुढच्या भागात आहे. गळती शोधायला पेट्रोल कधीही शिंपडू नका, आग लागू शकते.

पीसीव्ही व्हॉल्व्ह: इंजिन चालू असताना तो काढून तोंडावर बोट ठेवा. ओढ जाणवली पाहिजे. इंजिन बंद करून हलवल्यावर बहुतेक व्हॉल्व्ह खुळखुळतात.

तापमान सेन्सर: मल्टिमीटर ओहमवर ठेवा. बहुतेक गाड्यांत थंड इंजिनवर रीडिंग दोन-तीन हजार ओहम असतं आणि इंजिन तापल्यावर काहीशे ओहमपर्यंत उतरतं. रीडिंग बदललंच नाही, तर सेन्सर खराब.

थ्रॉटल सेन्सर: इग्निशन ऑन, इंजिन बंद. अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू दाबताना सिग्नलच्या वायरवरचं रीडिंग साधारण अर्ध्या व्होल्टपासून चारच्या वर सलग चढायला हवं. मध्येच ते घसरलं, तर सेन्सर झिजला आहे.

नेमके आकडे आपल्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या.

ब्रेकशी काय संबंध?

ब्रेक बूस्टरही याच व्हॅक्यूमवर चालतो! इंजिन बंद करून पेडल कडक होईपर्यंत चार-पाच वेळा दाबा. मग ते दाबून धरूनच इंजिन चालू करा. पेडल किंचित खाली गेलं, तर बूस्टर ठीक. नाही गेलं, तर बूस्टर, त्याची नळी किंवा त्यावरचा वन-वे व्हॉल्व्ह दोषी असू शकतो. अशी गाडी रस्त्यावर नेऊ नका, मेकॅनिकला घरी बोलवा.

तपासताना फॅन आणि बेल्टपासून हात, ओढणी, सैल बाह्या दूर ठेवा. आणि पुढच्या वेळी कुणी "सेन्सर गेलाय" म्हणालं, तर आधी रीडिंग दाखवायला सांगा!